पालिकेला आमचं बंद घर विकत हवंय, पुढे कधीतरी रस्ता जोडायला

आवाठवासी

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊनच बसा.

उत्तर गोव्यातलं लहान शहर. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. आमच्या आवाठातला (वाडीतला) बोळ मुख्य रस्त्यावरून निघतो, दोनदा वळतो आणि आमच्या पणजोबांच्या घराच्या फाटकाशी संपतो. घराला पुढे बलकांव (बसायचा ओटा), मागे बांय (विहीर) आणि पोरसूं (परसबाग), पोरसाच्या टोकाला चिऱ्यांचा गडगा. गडग्याच्या पलीकडे बाजाराकडून येणारा दुसरा रस्ता, तोही तिथेच येऊन आपटतो. दोन टोकांमध्ये जेमतेम पंचेचाळीस मीटर. स्कूटरनं जायचं तर अख्ख्या देवळाच्या टेकडीला वळसा.

ओडीपीच्या (शहराच्या विकास आराखड्याच्या) नकाशात या पंचेचाळीस मीटरवरून दहा मीटर रुंदीचा रस्ता काढलेला आहे. मी कॉलेजात होतो तेव्हाही होता. त्या दोन समांतर रेघांनी घराचं काय केलं म्हणाल तर, गिऱ्हाईक यायचं, नकाशा बघायचं आणि पाणी पिऊन जायचं. मागच्या अंगाला दोन खोल्या वाढवायचा परवाना मागितला तर 'रोडखाली येतं' असं उत्तर. मग कुणी पैसाच घालेना. मोठी आत्या होती तोवर दर मे महिन्यात कौलं चाळली जायची. ती गेली, घर बंद झालं, आता माजघरात वरून उजेड पडतो.

गेल्या महिन्यात पालिकेचे दोघे टेप घेऊन आले आणि फाटकाच्या खांबावर तांबड्या रंगानं बाण नि एक आकडा काढून गेले. पाठोपाठ पत्र. पालिका मंडळाचा ठराव झालाय, वाटाघाटीनं मालमत्ता विकत घ्यायची तयारी आहे, 'भविष्यातील रस्ता जोडणीसाठी'. भविष्यातील म्हणजे कधी, असं तोंडी विचारलं. साहेब नुसते हसले.

जागा साधारण साडेसहाशे चौरस मीटर. उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव. वारस आम्ही नऊ, त्यातले दोन पुण्यात, एक लिस्बनला. पुण्याच्या सह्या मिळतील असं वाटत नाही, तिकडे घराबद्दल भावना फार आणि येणंजाणं शून्य. मागच्या कोपऱ्यात एक मुंडकाराचं घर आहे, त्यांचं काय ते पालिका बघेल.

विकावं की थांबावं? पालिकेला आपणहून विकल्याचा कुणाला अनुभव?

गुलमोहराखाली

विका आणि सुटा. पाणी न पिता थेट पैशाचं बोलणारं पहिलंच गिऱ्हाईक दिसतंय.

जुना_ओव्हरसियर

नोकरीत असताना असली रेघांची कामं बरीच केली, म्हणून लिहितो.

नकाशावर रस्ता दाखवला म्हणजे जागा सरकारची होत नाही. मालक तुम्हीच, घरपट्टीही तुम्हीच भरणार. फक्त त्या पट्ट्यात नवीन बांधकामाला परवाना मिळत नाही. पालिकेला पैसे देणं भाग नसतं, कारण तिनं अजून काहीच घेतलेलं नाही. ही लटकती अवस्था पंचवीस-तीस वर्षं चालते. म्हणून पालिका आपणहून दारात आली असेल तर तोंड फिरवू नका.

आता रस्ता करायचा नसताना घर का घेतात? ओडीपी बदलतो. पाच-दहा वर्षांनी आराखड्याची उजळणी होते, कुणीतरी वजन टाकतं, दहाचा सहा मीटर होतो किंवा रेघच बाजूला सरकते आणि त्या जागी चार मजले उभे राहतात. मग तीच जोडणी करायला चौदा फ्लॅटधारकांशी बोलावं लागतं. रिकामं घर, एक कुटुंब, विकायची तयारी, हा योग एका पिढीत एकदाच येतो. शहाणी पालिका तेव्हाच घेऊन ठेवते. डांबर काय, नंतर चार दिवसांत पडतं. जागा मिळायला चाळीस वर्षं लागतात.

पणजीचं बघा. एकोणिसाव्या शतकात दलदलीवर भराव घालून आधी सरळ रस्ते आखले, घरं मागाहून आली. आपल्या बाकीच्या शहरांत घरं आधी, मग बैलगाडीची वाट, मग त्या वाटेला पालिकेनं दिलेलं थोरामोठ्यांचं नाव. म्हणून प्रत्येक जोडणीच्या मध्ये कुणाची तरी न्हाणी येते.

एक सावधगिरी सांगतो. ठराव झाला म्हणजे पैसे आले असं धरू नका. वर नगरप्रशासन संचालनालयाची मंजुरी, मूल्यांकन, अंदाजपत्रकात तरतूद, एवढं सगळं झाल्याशिवाय चेक निघत नाही. तोवर कसल्याच कागदावर सही करू नका. 'ना हरकत' म्हणून आणतील, त्यावर तर अजिबात नाही.

पायलट_नंबर_दहा

मी मोटरसायकल पायलट, स्टँड बाजारात. तो बोळ मला ठाऊक आहे, म्हणजे तुमचाच असेल असं नाही, पण तसले चार आहेत. बाजाराच्या दिवशी आत भाडं घेऊन गेलो की परत फिरवायला जागा नाही, गिऱ्हाइकाला उतरवून गाडी ढकलत मागे आणायची. गेल्या पावसात आमच्या इथल्या अशाच एका बोळात १०८ ची गाडी तोंडाशीच थांबली. म्हाताऱ्याला खुर्चीवर बसवून बाहेर आणला. खुर्चीचा एक पाय मीच धरला होता. वाचला तो, पण त्या दिवसापासून मला हे 'भविष्यातील' ऐकवत नाही.

कोपरा_बघणारा

सगळे भाबडे आहात. मला एवढंच सांगा, बाजाराकडच्या त्या बंद रस्त्याच्या वरच्या अंगाला काय आहे? टेकडी? काजूचं भाट, म्हणजे बाग? ते नुकतंच कुणी घेतलंय का?

पंचेचाळीस मीटर जोडले की कुणाच्या जमिनीला दहा मीटरचा रस्ता लागतो ते बघा. गोव्यात एफएआर, म्हणजे किती बांधता येईल त्याचं प्रमाण, रस्त्याच्या रुंदीवर हलतं. आवाठासाठी म्हणून काढलेला रस्ता आवाठाच्या पलीकडे कुणाला तरी उपयोगी पडत असतो. एका प्रादेशिक आराखड्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि २००७ साली सरकारला तो मागे घ्यावा लागला, तेव्हापासून मी नकाशा आधी उलटा धरून बघतो.

आवाठवासी

@कोपरा_बघणारा, वरच्या अंगाला टेकडीच आहे. भाट कुणाचं ते काढतो. पण खरं सांगू? भाट कुणाचंही असो, १०८ ची गाडी आमच्या बोळातही शिरत नाही.

वकील_नाही_मी

नाव वाचलंत ना, मग सही वकिलाला विचारूनच.

दर ठरवताना 'किमान सरकारी दर अधिक थोडं' यावर मान हलवू नका. पालिकेनं सक्तीनं घ्यायचं ठरवलं तर २०१३ चा भूसंपादन कायदा लागेल. त्यात बाजारभाव, त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, शिवाय निवाड्यापर्यंत बाजारभावावर साल बारा टक्के. १८९४ च्या जुन्या कायद्यात ही दिलासा रक्कम तीस टक्के होती, जुनी माणसं अजून तोच हिशेब सांगतात. शहरी भागात बाजारभावाला गुणायचा आकडा (गुणक) १ धरतात, म्हणून साधारण दुप्पट समजा. वाटाघाटीचा दर या दुपटीच्या शेजारी ठेवून बघा. पालिकेचाही यात फायदा आहेच, सुनावण्या आणि कोर्टाची वर्षं वाचतात. ते वाचवल्याचा वाटा तुम्हाला मिळायला हवा.

दुसरं, कर. त्या कायद्याच्या कलम ९६ मुळे निवाड्याच्या रकमेवर आयकर लागत नाही. साधं विक्रीपत्र केलंत तर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो. वडिलोपार्जित मालमत्ता असल्यानं १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन काढून घ्या, नोंदणीकृत मूल्यांककाकडून. लाखांचा फरक पडतो आणि ऐन वेळी धावपळ होते.

तिसरं कुणी बोललंच नाही. संपादन करून ताब्यात घेतलेली जमीन पाच वर्षं वापरलीच नाही तर कलम १०१ प्रमाणे ती मूळ मालकाकडे किंवा सरकारच्या भूमी बँकेकडे परत जाते. विक्रीपत्रात असलं काही नाही. विकलं की विकलं. वीस वर्षांनी तिथे रस्त्याऐवजी पालिकेचं दुकानसंकुल उभं राहिलं तर बघत बसायचं. 'फक्त सार्वजनिक रस्त्यासाठी' ही अट विक्रीपत्रात घालायचा आग्रह धरा. ऐकतील का ते सांगता येत नाही, पण मागायला काय जातं.

आणि गोव्यातली खरी मेख: नऊ वारस म्हणजे नऊ सह्या नव्हेत. करार न करता लग्न झालं असेल तर पोर्तुगीज सिव्हिल कोडप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, स्थावर विकायला दोघांची संमती लागते. जोडीदार मोजा.

आवाठवासी

मोजले. पंधरा. (धाकट्या काकांनी लग्न केलं नाही, बाकी एक विधवा, एक विधुर म्हणून. नाहीतर अठरा.)

सांजवात

गोव्यात लग्न नाही केलं तर निदान सही तरी वाचते. 😄

वकील_नाही_मी

उताऱ्यावर आजोबा आहेत म्हणजे आधी वारस ठरवा. सगळ्यांचं एकमत असेल तर विशेष नोटरीकडे वारसाचं डीड (दस्त) करून सगळे मिळून विकू शकता. एकाचंही बिनसलं तर इन्व्हेंटरी (वारस नि वाटणी ठरवायची कारवाई), म्हणजे दिवाणी कोर्ट. २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यात दोन्हींची तजवीज आहे. लिस्बनवाल्यांचं मुखत्यारपत्र तिथे अपोस्टिल (दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का) करून मागवा आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरा. कपाटात ठेवून विसरलेली मुखत्यारपत्रं मी पाहिली आहेत.

पुण्यातून_बघते

दादा, मी आहे.

तुळशीसमोरच्या उतरणीवर तिसरी पायरी फुटकी आहे का? असेल तर हे आमचंच घर आणि 'येणंजाणं शून्य' ती मी. धागा वाचता वाचता कळलं. सह्या मिळणार नाहीत हे तू कुणाला विचारून लिहिलंस? फोन तरी करायचास. महिना झाला, एकदाही कुणी म्हणालं नाही की पत्र आलंय.

मला विकायला हरकत नाही. हरकत आहे ती धाकट्या काकांच्या बेताला. त्यांना फक्त रस्त्याचा पट्टा द्यायचाय आणि उरलेल्या दोन तुकड्यांवर कोपऱ्याची दुकानं काढायचीत. पट्टा घराच्या मधून जातो, बलकांव एका बाजूला नि स्वयंपाकघर एका बाजूला राहील. मला ते बघवणार नाही. द्यायचं तर अख्खं द्या.

तुमच्याकडे एक बरं आहे, निदान विचारायला तरी आले. इथे आमच्या सोसायटीच्या कडेनं डीपी रोड आहे. महाराष्ट्रात आरक्षण टाकून दहा वर्षांत घेतलं नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो, आणि पैशाऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घे म्हणतात. शेजारच्या आजोबांनी टीडीआरचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. विकायचं कुणाला ते ठाऊक नाही.

आवाठवासी

आहे. तिसरीच.

चुकलो बाय. रात्री फोन करतो. इथे आणखी काही लिहीत नाही त्याबद्दल.

गुलमोहराखाली

पंधरा वर्षं या साइटवर आहे, वारसाची सही प्रतिसादात मिळालेली पहिल्यांदा बघतोय.

जुना_ओव्हरसियर

@पुण्यातून_बघते यांचा मुद्दा पक्का आहे आणि कायदाही त्याच बाजूचा. सक्तीच्या संपादनातसुद्धा घराचा तुकडा घेऊ म्हणाले आणि मालकानं 'घ्यायचं तर सगळं घर घ्या' म्हटलं तर नुसता तुकडा घेता येत नाही (कलम ९४). वाटाघाटीत हे पहिल्याच बैठकीत सांगा.

दुकानांचं स्वप्न बघणाऱ्या काकांना एक गणित द्या. साडेसहाशेतून पंचेचाळीस गुणिले दहा काढा, उरले दोनशे. ते दोन बाजूंना वाटलेले. त्यातून रस्त्यापासून सोडायची जागा, बाजूची मोकळी जागा, पार्किंग वजा करा. पानाची गादी बसेल.

मुंडकाराची_नात

सगळं वाचलं. कायदा, कर, सह्या, पायरी. आता मूळ धाग्यातली शेवटून दुसरी ओळ वाचा: 'मागच्या कोपऱ्यात एक मुंडकाराचं घर आहे, त्यांचं काय ते पालिका बघेल.'

माझी आजी अशाच एका मागच्या कोपऱ्यात राहिली. भाटकाराचे नारळ पाडून, राखण करून. घर तिचं, जमीन त्यांची. १९७५ च्या मुंडकार कायद्यानं तिला हुसकून लावता येणार नाही एवढं झालं आणि घराखालची जागा विकत घ्यायचा हक्क मिळाला. पंचायतीत तीनशे चौरस मीटरपर्यंत, शहरात दोनशे. मामलेदाराकडे खेपा घालण्यात तिची किती वर्षं गेली ते मोजायला नको. तिच्या वेळीही एक रस्ता येणार होता. भाटकाराला पैसे मिळाले, आजीला 'तुझं नंतर बघू'.

तेव्हा विचारते, तुमच्या साडेसहाशेतले दोनशे कुणाचे? तुम्ही जागा विकलीत म्हणून त्यांचा हक्क विकला जात नाही. मग उद्या त्यांचा भाटकार कोण, पालिका? त्या घरातल्या कुणाला पत्र आलंय का? खांबावरचा तांबडा बाण त्यांनी पाहिला असेल, तुमच्या आधी.

कोपरा_बघणारा

या प्रतिसादाला उभं राहून सलाम. माझा नकाशा उलटा धरूनही हे दिसलं नव्हतं.

आवाठवासी

दोन दिवस काही लिहिलं नाही. काल संध्याकाळी गेलो होतो तिकडे.

आधी मागे गेलो, मुंडकाराच्या घरी. लहानपणी त्यांच्याच ओसरीवर खेळलोय आणि मूळ धाग्यात त्यांचं नातंसुद्धा लिहिलं नाही मी. पत्र त्यांना आलेलं नाही. बाण त्यांनी पाहिला होता, पालिकेच्या माणसाला चहाही त्यांनीच दिला होता. मामलेदाराकडे नोंद झालेली आहे, जागा विकत घ्यायचा अर्ज त्यांच्या वडिलांनी केला होता, तो पुढे सरकला नाही कारण आमच्याकडून कुणी हजरच राहिलं नाही. हे मला माहीत नव्हतं. त्यांनी ते सांगताना आवाजही चढवला नाही, त्यानं जास्त लागलं.

बोलत बसलो असताना गडग्यावरून एक बाई उतरली, हातात दुधाची पिशवी. मग शाळेची तीन पोरं. मग एक म्हातारा, काठी आधी खाली टाकून. पोरसाच्या टोकाला गडगा ढासळलाय तिथे दोन्ही बाजूंना पायरीसारखे चिरे लावलेले आहेत, वरचा चिरा पायांनी घासून वाटीसारखा झालाय. मी विचारलं, हे कधीपासून? तर म्हणे तुझ्या मोठ्या आत्यानंच लावून घेतले, लोक उडी मारतात नि पडतात म्हणून. बांयकडून, तुळशीला वळसा घालून, फाटकातून बोळात. आत्यानं फाटकाला कडी कधी लावलीच नाही. कुलूप लावलं ते मी, ती गेल्यावर. मग लोकांनी बाजूचे दोन गज वाकवले.

म्हणजे पालिका जी जोडणी पुढे कधीतरी करणार आहे ती चालू आहे, फक्त पायी.

तर फोनाफोनी होऊन सध्या असं ठरलंय: विकायचं ते सगळं. त्याआधी मुंडकाराचा अर्ज पुढे न्यायचा, आम्ही हजर राहून संमती द्यायची, त्यांची जागा त्यांच्या नावावर आणि पालिकेनं त्यांच्याशी वेगळं बोलायचं, त्यांच्या दरानं. यानं आमची रक्कम कमी होते. काका दोन दिवस फोन उचलत नाहीत. पुण्याची बहीण म्हणते मी बघते त्यांना.

मुंडकाराची_नात

वाचलं. बरं केलंत. अर्जाच्या तारखेला खरंच जा मात्र.

जुना_ओव्हरसियर

एक भर घाला. विकत घेऊन ठेवलेल्या जागेचा शत्रू कचरा. घर पाडतात, पत्र्याचं कुंपण मारतात, पुढच्या पावसात आत भंगारातल्या कचरागाड्या उभ्या. कुंपण आलं की तुमची दूधवाली बाईही टेकडीला वळसा घालणार. विक्रीपत्राबरोबर पालिकेकडून लेखी घ्या की रस्ता होईपर्यंत दोन मीटरची पायवाट उघडी ठेवू आणि एक दिवा लावू. याला खर्च नाही, म्हणून मिळेल. बांय बुजवणार का, तेही आताच विचारा. रस्ता बाजूनं वळवणं जमत नसेल तर निदान मजबूत झाकण घालून पाणी राखता येतं.

पायलट_नंबर_दहा

दोन मीटर कशाला, अडीच सांगा. पायलट जाईल तिथून.

पुण्यातून_बघते

काका बोलले माझ्याशी. दुकानांचं सोडलंय. त्यांची अट एकच, मानकुराद. मागचा आंबा यंदा मोहरलाय म्हणे, पहिल्यांदाच एवढा. मे संपेपर्यंत ताबा द्यायचा नाही.

@जुना_ओव्हरसियर काका, असं विक्रीपत्रात लिहिता येतं का हो? हसू नका.

जुना_ओव्हरसियर

हसत नाही. लिहिता येतं, ताब्याची तारीख दोघांनी ठरवायची असते. तसंही पालिकेचे पैसे मेच्या आधी येत नाहीत. झाडांचं मूल्यांकन जागेपासून वेगळं होतं, कृषी खात्याचा माणूस येईल तेव्हा मोहर असतानाच बोलवा, आणि आंबा तोडायला पुढे वन खात्याची परवानगी लागेल ते पालिकेच्या गळ्यात राहू द्या. काकांना सांगा, आंबे कुणी पाडायचे आणि मागच्या घरात किती द्यायचे तेवढं तोंडी ठरवून ठेवा.

आवाठवासी

अर्धे. आत्या अर्धेच द्यायची.

आज सकाळी कुलूप काढलं.